पत्रा की पाय

८ एप्रिल, मंगळवार
सकाळी लाल गाडी शेडमधून काढली. नुसती फाटकापर्यंत न्यायची होती, तर फाटकावरच गेली. फार नाही, कडी वाकली, नंबरप्लेट दुमडली. ब्रेक दाबला होता. शपथेवर लिहितो, दाबला होता. पॅडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं.

सु. पिठाच्या हातानेच धावत आली. बायको म्हणून आधी गाडीकडे तरी बघावं. नाही. माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. पौषात तो अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून घरात वाटी पडली तरी सगळे या पायाकडेच बघतात. लय राग आला. चहा घेतला नाही.

९ एप्रिल
सु.ने पुण्याला कळवलं असणार. निलेशचा फोन. गाडी विका म्हणतो. मी म्हटलं ब्रेक खराब आहे, तर हसून म्हणाला, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं." पोटच्या पोराने बापाला म्हणी ऐकवायच्या. फोन ठेवून दिला.

गजाननचं लग्न २७ ला. पुतण्या, भावाच्या मागे मीच बघितलेला. आमच्या भावकीत परण्याला, नवरदेवाच्या मिरवणुकीला, घोडा आणत नाहीत. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो तो या गाडीतून. टप उघडा, नवरदेव मागे उंचावर, पाय दोन सीटांच्या मधे, आणि स्टिअरिंगवर मी. तरुणपणी हैदराबादेतून ही दोन सीटची गाडी चालवत झरीला आणली तेव्हापासून असंच. समोर बँड, नाचणारी पोरं, बाया. बोनेटपासून माणूस हातभर लांब. अर्धा रस्ता ब्रेकवरच.
म्हणून हे लवकर निस्तरलं पाहिजे.

११ एप्रिल, शुक्रवार
गाडी रशीदच्या गॅरेजवर. त्याने पॅडल दाबून बघितलं आणि म्हणाला, ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेला, आतलं किट बदलू. बदललं. ब्रेकचं तेल नवं, पाइपातली हवा काढली. पॅडल तसंच. पुन्हा हवा काढली. तसंच. रशीद डोकं खाजवत बसला. मला बसवेना. गॅरेजमध्ये येरझाऱ्या घातल्या, पाय ओढत.

१३ एप्रिल
सापडलं.
गाडी घरी आणली होती (रशीदने चालवली, मी शेजारी, तोंड फुगवून). दुपारी सु.ला सीटवर बसवलं, बोनेट उघडून मी वाकलो आणि म्हटलं, दाब. ती म्हणे मोडंल की. म्हटलं मोडू दे. तिने दाबलं आणि अख्खा सिलिंडर पुढे झुकला! ज्या पत्र्यावर तो बसवलाय, इंजिन आणि पायांच्या मधला, तो पत्राच फुगून बाहेर येत होता. पाय सोडला की मागे. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा पुन्हा. रंग खरवडला तर बोल्टाच्या भोकांपासून चिरा निघालेल्या.

उभ्या भावकीचे नवरदेव या पत्र्याने सोसले. तास तास ब्रेक दाबून धरायचा म्हणजे दुसरं काय होणार. मी एकटाच हसत सुटलो. निलेशला फोन करून सांगितलं की पत्रा फाटलाय, पाय नाही. तो "बरं" म्हणाला. एवढंच. चालेल.
जेवलो पोटभर. सु.ने खिचडी केली होती, आणखी मागून घेतली.

१५ एप्रिल
रशीदने सिलिंडरखाली जाड लोखंडाचा तुकडा बसवला. हातरुमालाएवढा. मी म्हटलं मोठा घाल. "काका, आता हत्ती बी उभा राहिला तरी हलायचा न्हाई."

१६ एप्रिल
सु.ने दाबलं. तुकडा हलला नाही. तुकड्याच्या कडेचा पत्रा हलला. नवी चीर, केसाएवढी, अगदी कडेला लागून. रशीदला फोनवर नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं, त्याचंच वाईट वाटलं.
दिवस अकरा उरले. ऊन असं की बोनेटला हात लावता येईना.

१८ एप्रिल, शुक्रवार
जुम्म्याची नमाज पढून रशीद घरीच आला, वेल्डिंगचं सामान घेऊन. सगळं उघडलं. प्रत्येक चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर तिथंच थांबते. मग चिरा भरल्या. जुना पत्रा पातळ, एका दमात वेल्डिंग केलं तर जळतो. टिपका टिपका करत, मध्ये ओलं फडकं ठेवत. मग पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी मोठी प्लेट, कोपरे गोल केलेले, कडेच्या चौकटीपर्यंत पोचणारी. आणि सिलिंडरपासून चौकटीला एक तिरका लोखंडी अँगल.
मी नुसता बघत होतो. दोनदा ओरडलो, एकदा विनाकारण.

२० एप्रिल, रविवार
रंग दिला, हवा काढली. सु.ने दाबलं. काही हललं नाही. दगड.

तिघं रस्त्यावर गेलो. ट्रॅफिक नव्हतं. मी डांबरावर पोतं टाकलं. रशीद लांबून आला, ब्रेक मारला, पोत्याच्या अलीकडे गाडी गपकन उभी. खूश झाला. मग मी. तेवढ्याच वेगाने आलो, तिथेच दाबला. पोतं चाकाखाली गेलं आणि मागे राहिलं.
पुन्हा केलं. पुन्हा पोतं मागे.
रशीद पोत्याची धूळ झटकत म्हणाला, "नवं पॅडल हाय काका, कडक हाय. सवय होईल." सु. कडुलिंबाखाली उभी होती.

२१ एप्रिल
पाइपात हवा असणार. रशीदला बोलावलं. हवा नाही म्हणाला. म्हटलं पुन्हा काढ. काढली. नव्हती.

२३ एप्रिल, बुधवार
मन एका जागी नाही. सकाळी गाडीचं पुढचं चाक जॅकवर घेतलं. सु.ला म्हटलं, तू दाब, मी चाक फिरवतो. तिने दाबलं. दोन्ही हातांनी जोर लावला, चाक जागचं हललं नाही. छान. मग जागा बदलली. मी सीटवर, ती चाकापाशी.
दाबलं. विचारलं. ती चाकाला हात लावून वाकलेली.
पुन्हा विचारलं.
"अजून दाबा."
"दाबलाय."
तिने चाक पुन्हा धरलं. मग म्हणाली, "फिरायलंय हो."
दोन्ही हात उजव्या मांडीवर टेकून जोर दिला. घाम आला. खाली चाकाचा आवाज येत होता, सावकाश, घर्र घर्र. थांब म्हणायला पाहिजे होतं, मी दाबतच राहिलो. तिनेच हात काढला. पदराला ग्रीस पुसलं आणि आत जाऊन भात लावला.

पत्रा तर फाटलाच होता. तेही खरंच ना.

२४ एप्रिल
डाव्या पायाने दाबून बघितलं, चाक जाम. पण डावा पाय क्लचला लागतो. दोन्ही एकदम कसं. शेडमध्ये बसून करून बघितलं, गाडी बंद ठेवून. डावा इकडून तिकडे. उशीर होतो. हातब्रेक ओढत न्यायची? उतार आहे मारुतीपाशी.
डॉक्टर म्हणाले होते, गाडी चालवायला आणखी काही महिने थांबा. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२५ एप्रिल, शुक्रवार
गजानन आला होता. गाडीला फुलं कुठली लावू विचारायला. मग उगाच बसून राहिला, म्हणाला, "काका, वर उभं राहून नाचा म्हणतेत पोरं. दुसरा कुणी चालवत असता तर मी उभा राहिलो नसतो." त्याच्या बहिणीच्या दोन्ही मुली गाडीपुढे नाचणार आहेत, परभणीला शिकवणी लावलीय म्हणे नाचाची. धाकटी पाच वर्षांची. बोनेटच्या मागून दिसायची पण नाही.
सु. त्याला वाढत होती. हात थांबला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, झेंडूची लाव, पिवळी.
भ्यालो आहे. लिहून टाकतो. आयुष्यात गाडीला कधी भ्यालो नव्हतो.

२६ एप्रिल
सु. आज बोलली. मी गाडी पुसत होतो, ती पलीकडून दुसरं फडकं घेऊन आली. "पत्रा फाटलेला व्हता. तुमी खोटं बोलला न्हाईत, मी सांगते निलेशला. पण…" आणि आरसाच पुसत राहिली.
रशीदला सांगितलं तर तो चालवेल. आनंदाने चालवेल. सांगायला गेलो होतो त्याच्याकडे. हवा भरली टायरात आणि परत आलो.
मी शेजारी बसून काय करू? पानसुपारी धरू?

२७ एप्रिल, रविवार
चार वाजून गेले. फुलं लावून झाली. बँडवाले आले. गजाननला वर बसवलंय, बाशिंग बांधून, इथून खिडकीतून दिसतोय. सारखा दाराकडे बघतो.
रशीद आलाय. धुतलेला पांढरा शर्ट. मी बोलावलं नव्हतं, सु.ने बोलावलं का विचारलं नाही. वाटलं, आता हा स्टिअरिंगवर बसेल आणि सुटलो. पण तो डाव्या दाराशी उभा राहिलाय, शेजारच्या सीटच्या. माझी जागा मोकळी ठेवलीय त्याने. बसला असता तर बरं झालं असतं.
सु. पायऱ्यांवर आहे. मागे वळून बघत नाही.
बँड सुरू झाला. दोन्ही मुली गाडीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्यात. बाहेर मला हाका मारायलेत.