खातूनचा डबा

॥ श्री ॥
औरंगाबाद, ३ डिसेंबर १९८४

तीर्थरूप अण्णांना सुनेत्राचा साष्टांग नमस्कार. आत्याला वेगळा, नाहीतर ती रुसते. वि. वि.

मी खुशाल आहे. नामांतराच्या मोर्चामुळे दोन दिवस लायब्ररी बंद होती. माझी खोलीतली मैत्रीण मोर्चाला गेली, मी तिच्या वाटची भाकरी राखून बसले. तेवढाच आराम.

आता गाऱ्हाणं. माझ्या एम. फिल.चा विषय तुम्हाला ठाऊकच आहे. मंगोलांचा खान वारला की नवा खान मोठ्या सभेत निवडत, आणि सभा भरेपर्यंत सगळं राज्य त्याची विधवा चालवी. ओगेदेई खानामागे त्याच्या तोरेगेने नावाच्या खातूनने, म्हणजे राणीने, सुमारे पाच वर्षं असा कारभार केला. पण त्या काळाची मूळ हकिकत फारसीत आहे, आणि आमच्या विभागात फारसी कुणालाच येत नाही. सरांनी सांगितलं आहे की जानेवारीअखेर हे प्रकरण झालं नाही तर विषय बदला. म्हणजे वर्ष गेलं. आणि मे महिन्यात तुम्ही मला बोहल्यावर चढवणार, म्हणजे प्रबंधही गेला.

अण्णा, निजामाच्या शाळेत तुम्ही मौलवीसाहेबांच्या छड्या खाल्ल्यात ना? त्या आता वसूल करा. रिकाम्या डब्यात झेरॉक्स पानं घालून जिंतूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहेत. नाही म्हणू नका.

तुमची लाडकी (निदान उत्तर येईपर्यंत),
सुनेत्रा

॥ श्री ॥
जिंतूर, १२ डिसेंबर १९८४

चि. सुनेत्रा हिस अण्णांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा रुजू झाला. पानं पाहून प्रथम संताप आला. घोडीचं दूध पिणाऱ्या लोकांची उठाठेव करायला पोरीला औरंगाबादला ठेवलं काय, असं तुझ्या कस्तुराआत्याला म्हणालो. मग चष्मा पुसून दोन ओळी वाचल्या. तीस वर्षं ही लिपी हातात धरली नव्हती, पण बेशक ओळख देते. रात्रीचं जेवण थंड झालं म्हणून कस्तुराने तकरार केली.

तुझे मंगोल अगदीच जंगली नाहीत. बापाची चूल आणि घर धाकट्या लेकाकडे, हा त्यांचा कायदा मला पसंत आहे. खानाच्या तंबूच्या उंबरठ्यावर पाय दिला तर मृत्युदंड, हे वाचून दाखवल्यापासून कस्तुरा त्या लोकांच्या बाजूची झाली आहे. मी उंबरठ्यात उभा राहून चहा पितो ते तिला कधीच खपलं नाही. आणि त्यांची टपाल काय! दर मजलेला ताजे घोडे. ज्याच्या गळ्यात खानाच्या हुकमाची धातूची पट्टी, त्याला वाटेत कुणी अडवायचं नाही. घोडा द्यायचा, जेवू घालायचं. आमच्या तहसिलीत असा बंदोबस्त असता तर मी नुसता पेशकार, म्हणजे कारकून, म्हणून निवृत्त झालो नसतो.

पानांचा मराठी तर्जुमा करून पाठवतो. मात्र करार ध्यानात ठेव. सेलूचे आबासाहेब, ज्यांचा कापसाचा जिनिंग कारखाना आहे, त्यांच्या मुलासाठी तुझी पत्रिका मागतात. संक्रांतीपर्यंत तुझी खातून, त्यानंतर आमचा मांडव. लग्नाची भांडीसुद्धा घेऊन ठेवली आहेत.

तब्येतीला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
विष्णुपंत

॥ श्री ॥
औरंगाबाद, १३ जानेवारी १९८५

ती. अण्णा व आत्या यांना कृ. सा. न.

अहो अण्णा, काय हा घोटाळा! संक्रांतीचा डबा स्टँडवर घेतला, खोलीवर आणून उघडला. वर तिळाचे लाडू आणि खाली, तुमच्या तर्जुम्याऐवजी, माझीच पत्रिका आणि माझाच फोटो! मैत्रिणी हसून लोळल्या. ‘तुला पसंत करू का?’ म्हणून विचारतात.

म्हणजे माझी खातून सेलूला गेली. तुमची महिन्याची मेहनत लाडवांखालून त्या जिनिंगवाल्यांच्या घरात! पानांना दुसरी प्रत नाही, हे तुम्ही मागेच कळवलंत. सरांना पंधरा दिवसांत प्रकरण हवं आहे. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही करून पाहिलं. काहीही करा, पण ती पानं परत आणा.

लाडू मात्र फर्मास झालेत. उत्तराची वाट बघत स्टँडवरच मुक्काम ठोकणारी,
सुनेत्रा

॥ श्री ॥
जिंतूर, २० जानेवारी १९८५

चि. सुनेत्रास कस्तुराआत्याचे लय लय आशीर्वाद.

चूक माझी हाय बाई. दोन्ही डबे एका जोडीचे, दोन्हींवर आपल्याच घराचं नाव. मी सेलूच्या गाडीत एक दिला, औरंगाबादच्या गाडीत दुसरा, आन् घरी येऊन निवांत झोपले.

आबासाहेब परवा सोता डबा घेऊन आले. पानं सगळी जशीच्या तशी हायेत, घाबरू नको. त्यांच्या घरी सगळ्यांनी मिळून वाचली म्हणे. त्यांच्या मंडळीला तर खातून इतकी आवडली की पुढं काय झालं ते विचारून या म्हणून बजावलंय. तुझे अण्णा लय फुगले. मला दोनदा चहा ठेवायला लावला.

मग आबासाहेब म्हणाले, मुलीचा छंद चांगला हाय, लग्नानंतर दुपारी वेळ घालवायला बरा. तुझ्या अण्णांचा चष्मा नाकावर आला. त्यांनी विचारलं की मुलगी प्रबंध पुरा करंल का न्हाई? आबासाहेब म्हणाले, आमच्या घरी काय गरज हाय त्याची. मग अण्णांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की मे महिना तुम्ही मोकळा समजा. पाहुणे गेल्यावर अण्णा घरभर फिरायलेत आन् बोलायलेत, एकेका ओळीसाठी मी तीन-तीन संध्याकाळी बसलो, आन् वेळ घालवायला म्हणं!

खरं सांगू पोरी? नवरा गेल्यावर बाई राज्य चालवती, हे ऐकून मला रडू आलं. माझे धनी गेले तवा मला नुसती चूल दिली. तू तुझं पुरं कर.

भांड्यांवर नावं घालणारा आज दारात बसलाय. अण्णांनी त्याला डब्याचं झाकण दिलंय आन् मला जवळ येऊ देईनात.

जीव लावून ऱ्हा.
कस्तुराआत्या

॥ श्री ॥
औरंगाबाद, २ फेब्रुवारी १९८५

ती. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवते. आत्यालाही तसाच नमस्कार.

डबा मिळाला, पानं मिळाली, प्रकरण वेळेत दिलं. सरांनी वाचून विचारलं की हे फारसीचे विद्वान कोण? मी सांगितलं, जिंतूरचे निवृत्त पेशकार, लाडवांवर काम करतात. सर आता पुढच्या पीएच. डी.चं बोलायला लागलेत. आबासाहेबांच्या मंडळींना मी वेगळं पत्र टाकून कळवलं आहे की खातूनने शेवटी आपल्याच मुलाला खान केलं.

झाकण मी आधी पाहिलंच नाही. कंडक्टरने दाखवलं. त्याने सगळ्या गाडीला मोठ्याने वाचून दाखवलं होतं म्हणे, आणि डबा माझ्या हातात देताना चक्क सलाम ठोकला. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तशाच ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरात आहे: ‘सुनेत्रा हिला वाटेत कुणी अडवू नये. घोडा द्यावा, जेवू घालावे. हुकूम विष्णुपंत, जिंतूर.’

मी स्टँडवर भर गर्दीत रडले, अण्णा. मला अडवू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि हुकमाखाली नाव त्याचंच आहे.

डबा परत पाठवते. झाकण ठेवून घेते आहे.

तुमची,
सुनेत्रा