येते हं

५ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! घर बघून ठकी तर नाचायलाच लागली. आम्हा मायलेकींना वरच्या मजल्यावर दोन ऐसपैस खोल्या, खिडकीतून तिची शाळा दिसते, आणि काम म्हणाल तर खुर्चीत बसून. खाली राहणाऱ्या लेखिकाबाई कादंबऱ्या हाताने लिहितात, त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या. अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं. असू दे, माझा चष्मा नवा आहे. बाई भुताखेतांचं लिहितात, तेही मुलांसाठी! म्हटलं, लिहिनात का, आपल्याला टाइप करायचंय.

ठकी खाली खेळायला निघाली तेव्हा 'आई, मी जाते' म्हणाली. दटावलं तिला. किती वेळा सांगायचं, जाते म्हणू नये, येते म्हणावं. संध्याकाळी जिन्याच्या तळाशी कुणीतरी 'येते हं!' म्हणालं. बाईंची भांडीवाली काम आटोपून निघाली असणार. मीही वरूनच 'या हं' म्हटलं. तेवढा शेजारधर्म पाळावा माणसाने.

९ ऑक्टोबर

आज बाईंशी वाजलं. नव्या कादंबरीत एका मुलीला जिन्यात काहीतरी ऐकू येतं आणि तिची आई तिचं ऐकूनच घेत नाही. मी सरळ विचारलं, कोवळ्या पोरांची झोप उडवून काय मिळतं हो तुम्हाला? बाई चिडल्या नाहीत. चहा ओतत म्हणाल्या, पोरं आधीच घाबरलेली असतात. मोठी माणसं 'काही नाहीये तिथे' म्हणतात आणि दिवा बंद करून निघून जातात. मी नुसती त्यांच्या शेजारी बसते. मुलांना खोटी भीती दाखवायची नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही, एवढंच पाळते.

बोलायला गोड आहे बाई. पण असली माणसं मी चांगली ओळखून आहे. ठकीला त्यांच्याकडे फिरकू द्यायचं नाही, ठरवून टाकलंय.

भांडीवाली मात्र नेमाने निरोप घेते. आज आवाज बराच जवळून आला. म्हटलं, या.

१४ ऑक्टोबर

ठकी दोन दिवस धड जेवत नाही. म्हणते, ती बाई जात नाहीये, येतेय. रोज थोडी थोडी वर. आणि आईच तिला 'या' म्हणते.

घ्या! हे डोकं काही माझ्या लेकीचं नाही. बाईंनीच कान भरलेत. तरातरा खाली जाऊन चांगलं सुनावलं. शपथेवर सांगतात, ठकीशी त्या याबद्दल अक्षर बोललेल्या नाहीत. मग हिला कळलं कुठून? माझा नाही विश्वास. वर येऊन ठकीला सांगितलं, काही नाहीये तिथे, झोप बघू. आणि दिवा बंद केला.

१७ ऑक्टोबर

वाटलं, भांडीवालीच पोरीला घाबरवत असेल. बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, भांडी मीच घासते. कामाला कुणीच येत नाही. मग पांढऱ्याफटक पडल्या. तुम्ही तिला काय उत्तर देत होता, म्हणून विचारलं. सांगितलं. कपाळाला हात लावून बसल्या.

नाटक करतायत. करत असतील ना?

संध्याकाळी आवाज थेट आमच्या दाराशी. येते हं. मी तोंड उघडलं नाही. पुन्हा म्हणाली. पुन्हा. ठकी माझा हात घट्ट धरून—

१८ ऑक्टोबर

पोरगी खरं बोलत होती आणि मी तिलाच खोटं पाडलं. लाज वाटते. सामान बांधलंय, गाडी बोलावली आहे, येईलच.

कादंबरीला शेवट नाही. मी बाईंना विचारलं, मग त्या मुलीने काय म्हणायचं? रडायला लागल्या. लहानपणी याच घरात त्यांची आई अशीच 'या' म्हणत राहिली. शेवटी बाईच ओरडल्या, जा! आणि ती जिन्यातली गेली. पण तेव्हा जिन्यातला आवाज त्यांच्या धाकट्या बहिणीचा होता. बहीण पुन्हा दिसली नाही. मुलांना खोटं सांगायचं नाही, म्हणून शेवट लिहीत नाहीत.

तीच तारीख

गाडी अजून नाही. ठकी आतल्या खोलीत चपला घालत होती. चपला तिथेच आहेत. ठकी नाही. दार सताड—

जिन्यात तिचा आवाज. मी शिकवलं तसंच, गोड. आई, येते हं.

ये म्हणावं तर ती बया—

जा म्हणावं तर माझी ठकी—

गप्प बसले तर आवाज खाली खाली चाललाय. बाई खालून ओरडतायत, काय ते कळत नाही. पोटच्या पोरीला जा कसं म्हणू? नाही म्हणणार. यायची ती येऊ दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. ये गं ठके. ये बाळा, मी आहे इथे, ये—