बाबांचा वर केलेला हात

रविवार संध्याकाळ, हाउन्सलो, लंडन

हॉलंडहून परत आलो, पण बाबांचा तो हात डोळ्यांसमोरून जात नाही. तिथल्या रस्त्यावरचा लाल पट्टा सायकलींचा, तिथे थांबायचं नाही, हे मी सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं का? पुण्यात करतात तसा हात वर करून ते मध्येच उभे राहिले. सायकलवालीने ब्रेक दाबेपर्यंत बाबा खाली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, हे पुणं नाहीये!" पडलेल्या माणसावर ओरडतात का?

आज इथल्या झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आपणहून थांबली. बाबा हललेच नाहीत. डावा, धड हात वर केला नाही, माझ्या हातात दिला. म्हणाले, "जाऊ का गं?"