तोच शेरा

सोलापूर,
४ जुलै २०२५

श्री. जोतीराम सरांस,
नमस्कार. घरी सगळे खुशाल असतील.

तुमचं पत्र मिळालं. नातेपुत्यात वडिलांच्या दुकानात बसता, हे वाचून बरं वाटलं. इथे शाळा सुरू झाली. तुमच्याबरोबर लागलेले बसवेश सर कायम झाले, त्यांनी पेढे वाटले. सातवीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर कुटं गेले?" मी सांगितलं, बदली झाली.

तुम्ही अर्ज केलेल्या करमाळ्याच्या शाळेने तुमच्याविषयी माझं मत मागवलंय. 'बाई, खरं तेवढंच लिहा,' असं तुम्ही कळवलंत. तीन वर्षं भरूनही कायम का केलं नाही, हेही विचारलंत.

मी तपासलेला तुमचा तास मला चांगला आठवतो. क्षेत्रफळ मोजायला पोरांनी घरून टॉवेल आणले होते. फळ्यावर तुमचा गुणाकार चुकला. वर्षभर तोंड न उघडलेली ती पोरगी, अपेक्षा, उभी राहिली, "सर, चुकलं." तुम्ही म्हणालात, "व्हय की! लई ब्येस, माजंच चुकलं." आणि माझ्याकडे बघून हळूच हसलात. चूक मुद्दाम केली होती, हे मला तेव्हाच कळलं. अठ्ठावीस वर्षांत असा तास मी पाहिला नव्हता.

तरी अहवालात मी लिहिलं: विषयज्ञान कच्चं, चूक विद्यार्थिनीला दाखवावी लागते. भाषा अशुद्ध.

बसवेश सरांच्या वर्गात मी गेलेच नाही. ते घरी येतात, मला 'अक्का' म्हणतात. 'उत्कृष्ट' लिहिलं.

मी अक्कलकोटहून इथे लागले, तेव्हा माझ्या कन्नड वळणाच्या मराठीला सगळा स्टाफ हसायचा. ते वळण घालवायला अकरा वर्षं गेली. आईशीसुद्धा मराठीतच बोलायचे, तिला निम्मं कळायचं नाही. तुम्ही तुमचं 'हाय-न्हाय' तसंच घेऊन वर्गात शिरलात, आणि पोरं तुमच्यामागे. मला ते बघवलं नाही.

तुम्हाला वाटेल, बाई आता तरी खरं लिहितील. पण करमाळ्याला चांगलं लिहिलं, तर माझा पहिला अहवाल खोटा ठरतो. येत्या मे महिन्यात मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होतेय, सत्कार ठरलाय. म्हणून तोच शेरा पुन्हा लिहिला. सकाळीच पोस्टात टाकला.

वडिलांना नमस्कार सांगा. त्या शेऱ्याखाली सही केली आहे. या पत्राखाली करत नाही.

तुमची हितचिंतक