माझा हात मलाच हलवू दे

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं प्लास्टर निघून महिना होत आला, हे भाचीच्या पत्रातून कळलं. बरं वाटलं. पण त्याच पत्रात पुढे जे वाचलं त्याने माझं डोकं फिरलं. कोणी फिजिओथेरपीवाली बाई आठवड्यातून तीनदा घरी येते, तुला तो कोपर वाकवायला लावते आणि तू उशीत तोंड खुपसून रडतेस. भाची म्हणते, तिला दाराबाहेर उभं राहवत नाही. ताई, दुकानातल्या शिडीवरून पडून हाडाचे दोन तुकडे झाले तेव्हासुद्धा तू रडली नव्हतीस. डॉक्टरांना एवढंच विचारत होतीस की कापड कापायला कात्री कधी धरता येईल.

म्हणून काल मी त्या बाईंच्या केंद्रात फोन केला आणि उद्यापासून येऊ नका, असं स्वच्छ सांगितलं. ती काहीतरी समजावू पाहत होती. मी ऐकून घेतलं नाही. त्याऐवजी आमच्या हेडक्लार्कच्या ओळखीचा एक मालीशवाला तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो, तो येईल. त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात.

आणि आता मुख्य गोष्ट. भाऊजी गेल्यापासून ते दुकान तू एकटीने ओढते आहेस. पुरे झालं. हिने मागची खोली रिकामी केली आहे, खिडकीला नवे पडदे लावले आहेत. दुकानाला कुलूप लाव आणि इकडे ये. वीस वर्षं कापडं कापलीस, आता आमच्यावर हुकूम चालव. ते तुला जास्त चांगलं जमतं.

उलट टपाली होकार पाठव. रागावलीस तरी चालेल, पण लोभात काटछाट करू नकोस.

तुझा
धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तूर्तास त्यातले दोन कमी धर.

हे पत्र डाव्या हाताने लिहिलं आहे, म्हणून अक्षर असं लोळतंय. दोन दिवस लागले. राग तेवढा टिकला याची नोंद घे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

माझ्या हाताबद्दल फोन करण्याआधी तू मला विचारलंस का? हात मोडला होता माझा, तोंड नाही. तुझा तो गुणवान मालीशवाला दोनदा आला. माझा दंड गुडघ्यात दाबून त्याने कणीक मळावी तसा कोपर मळला. दुसऱ्या दिवशी कोपर सुजून लाल झाला, हात लावू देईना. तीन आठवड्यांत जे मिळवलं होतं ते दोन बैठकांत गेलं.

तुला जे ऐकायचं नव्हतं ते आता वाच. प्लास्टर काढलं तेव्हा माझा हात तोंडापासून वीतभर अलीकडे थांबत होता. तुझी भाची मला भरवत होती, केस विंचरत होती, ब्लाउजची बटणं लावत होती. या वयात लेकीसमोर हात पसरून उभं राहायचं म्हणजे काय, ते तुला कळणार नाही. त्या बाईंनी माझा हात एकदाही ओढला नाही. वाकवायचा मीच. त्या कोपराखाली नुसता हात धरतात आणि कुठे थांबायचं ते सांगतात. दुखणं थोड्या वेळात विरलं तर ठीक, दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर जास्त झालं, असं त्यांचं माप. टेबलावर फडकं सरकवत हात लांब न्यायचा, मुठीत हातोडी धरून ती हळूहळू इकडून तिकडे कलवायची, म्हणजे तळवा वर वळतो. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघ.

तिसऱ्या आठवड्यात माझा तळवा माझ्या गालाला टेकला. त्या दिवशी मी रडले. दुखल्यामुळेही रडले, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या भाचीने दाराबाहेरून ऐकलं ते रडणं हे होतं.

मंगळवारी मी स्वतः केंद्रात जाऊन तुझ्या वतीने माफी मागितली. मला माफी मागता येत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ती कशी मागितली असेन याची कल्पना कर. बाई चिडल्या होत्या, पण तुझ्यावर नाही. म्हणाल्या, भावाने फोन केला तो केला, तुम्ही आठ दिवस गप्प का बसलात? खरं सांगायचं तर कोपराला कोणी हात लावत नाही म्हणून पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं होतं. तो राग माझा माझ्यावर आहे, त्यातला वाटा तुला देत नाही. तुझ्या वाट्याचा तुला भरपूर आहे.

दुकानाला कुलूप लागणार नाही. पडदे छान असतील, असू देत. तुझा लोभ हवाच आहे, लुडबुड नको.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. बहिणीचा कळवळा येणं हा गुन्हा झाला म्हणायचा. मालीशवाल्याने जे केलं त्याबद्दल मला वाईट वाटतं, त्याला मी फोनवरून झापलं आहे. पण तू परक्या बाईसमोर जाऊन माझ्या नावाने माफी मागावीस, हे मला लागलं.

मला माणूस सांभाळता येत नाही असं तुझं म्हणणं असेल तर आठवण करून देतो. आईचं उजवं अंग गेलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. नऊ वर्षं मी तिला दोन्ही हातांवर उचलून मोरीत नेलं, खुर्चीत बसवलं, परत खाटेवर ठेवलं. तिला एक पाऊल टाकायची वेळ येऊ दिली नाही. सगळी आळी बघायची. तू तिची मुलगी आणि माझी बहीण, तुझे हाल मी नुसते बघत बसणार नाही.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव. लोभाची गोष्ट समोरासमोर बोलू.

तुझा
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रविवारी आलास तर दार उघडेन, चहा करेन. सामान बांधलेलं नसेल.

तू आईचा विषय काढलास म्हणून लिहिते, नाहीतर मनातच ठेवणार होते. मी आता केंद्रातच जाते. तिथे एक बाई येतात, आईच्या तेव्हाच्या वयाच्या. त्यांचंही उजवं अंग गेलंय, तीन महिने झाले. दोन लोखंडी दांड्यांच्या मधून त्या चालतात. परवा अकरा पावलं टाकली. पलीकडच्या टोकाला त्यांचा मुलगा उभा होता. पडायला लागल्या तरच धरायचं, असं त्याला बजावलेलं. तो हात पाठीमागे बांधून उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. त्याच्या आईपेक्षा त्यालाच जास्त कष्ट पडत होते.

मी फिजिओथेरपीच्या बाईंना आपल्या आईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, न पाहिलेल्या पेशंटबद्दल मी काही सांगणार नाही. मग त्यांनीच विचारलं की सुरुवातीच्या महिन्यांत आईला उभं राहायला, बसायला, वळायला कोणी शिकवलं होतं का. मी म्हटलं, नाही, आम्ही तिला हलू दिलं नाही.

आपण दोघांनी, धाकट्या. तू उचलायचास आणि मी भरवायचे. तिचा डावा हात धडधाकट होता, तरी मी तिला त्या हाताने जेवू दिलं नाही, का, तर सांडतं. डॉक्टर यायचे, औषध लिहायचे, आराम सांगायचे. हिला उभं करा, असं एकानेही सांगितलं नाही. आळी मात्र आपलं कौतुक करायची. मला त्या डॉक्टरांचा राग येतो, आळीचा येतो, माझा येतो. आणि तू अजून ते अभिमानाने लिहितोस, त्याचा सगळ्यात जास्त येतो.

एक पाऊल टाकायची वेळ येऊ दिली नाही, हे तुझंच वाक्य आहे. परत वाच.

ताई


१ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र पोचलं. येत नाही. माझी नऊ वर्षं तू एका कागदात निकालात काढलीस. यापुढे तुझ्या हाताबद्दल मी चकार शब्द काढणार नाही, आणि आईबद्दल तू मला लिहू नकोस.

धाकटा


२२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या खेपेला पूर्ण.

अक्षरावरून ओळखशीलच, हे उजव्या हाताने लिहिते आहे. मधूनमधून थांबावं लागतं.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच कळवते. मालीशीची सूज उतरायला तीन आठवडे गेले, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता वेणी मी घालते, जरा तिरकी येते. बटणं मी लावते. बाईंनी गेल्या आठवड्यात कोन मोजायच्या पट्टीने हात मोजला आणि तोंडावर सांगितलं की शेवटचा थोडा बाक राहील, हात पुरता सरळ होणार नाही. मी जाम भडकले. एवढं केलं ते कशाला, असं म्हणून बसले. त्यांनी माझी कात्री मागवली आणि टेबल चार बोटं खाली करून घ्यायला सांगितलं. बाक राहिलेल्या हाताने कसं कापायचं, ते आम्ही दोघींनी जुन्या चादरीवर शिकून घेतलं. चादरीची चिरफाड झाली, राग उतरला.

सोमवारी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक शाळेच्या गणवेशाचं होतं. पूर्वी आठ थर एकदम कापायचे, आता तीन. वेळ दुप्पट लागतो. कापून झाल्यावर मी खुर्चीत बसले आणि मला कोणी पाणीसुद्धा आणून दिलं नाही, कारण सगळ्यांना तशी ताकीद आहे. उठून मीच घेतलं.

आईबद्दल लिहिलं त्यातला शब्द मागे घेत नाही. पण ते तुझ्या एकट्याच्या अंगावर टाकल्यासारखं झालं असेल तर तसं नव्हतं. आपल्याला कोणी शिकवलं नाही. माझा लोभ जागच्या जागी आहे. तू बोल.

तुझी
ताई


३० एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा हिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि खोलीतून निघून गेली. दोन महिने मी घरात सगळ्यांवर डाफरत होतो, तिला कारण सांगितलं नव्हतं. हात सुधारला, दुकान उघडलं, वाचून आनंद झाला. बाक राहिला म्हणून हळहळणार होतो, तेवढ्यात स्वतःला आवरलं.

मी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन एका डॉक्टरांना भेटलो. तुला खोटं पाडायचं म्हणून गेलो होतो. आईच्या दुखण्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, ती चालली असती की नसती हे आता कोणीच सांगू शकणार नाही. बाहेर आलो तर सुटल्यासारखं वाटेना. नसती चालली, एवढं त्यांनी म्हणावं म्हणून मी गेलो होतो, हे मला जिन्यात कळलं.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी कधी कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. आई पडल्यानंतर दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो. घरात कोणी नव्हतं. आई खाटेच्या कडेला बसली होती. चांगल्या हाताने तिने लुळा पाय उचलून खाली सोडला होता, दोन्ही पावलं फरशीला टेकली होती आणि डाव्या हाताने तिने खिडकीचा गज धरला होता. मी दप्तर टाकून धावलो. तिचा हात गजावरून सोडवला, पाय उचलून वर ठेवले, पांघरूण घातलं आणि असं पुन्हा करायचं नाही म्हणून दटावलं. त्याच दिवशी खाट खिडकीपासून लांब सरकवली, तीही मीच.

तिची वाचा गेली होती, पण डोळे बोलायचे. पांघरूण घालत होतो तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. ताई, सव्वीस वर्षं मी ती नजर मायेची समजत आलो. ती माझ्यावर संतापली होती.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. ठेवलास तर मला हवा आहे.

तुझा
धाकटा