तळघरातल्या दोन खिडक्या

११ मार्च

प्रिय धाकटे,

तुला आणि आपल्या बाळंतीण लेकीला आशीर्वाद, बाळाला एक पापा. तुझी कंबर कशी आहे? फोनवर विचारलं की तू "बरी आहे" म्हणतेस आणि मी "इकडेही सगळं ठीक" म्हणते. जावा-जावा दोघी सारख्याच खोटारड्या. म्हणून आज कागद घेऊन बसले.

इकडची मोठी बातमी म्हणजे तळघराचं काम अखेर निघालं. हॉलमध्ये माझा शिवणाचा वर्ग आणि यांचा टीव्ही एकाच वेळी चालू शकत नाही, हे यांना पटायला एवढी वर्षं लागली. भिंती खरवडून झाल्या, फरशी बसली, दिवे लागले. अडलं ते खिडक्यांपाशी.

तुला आठवत असतील, तुमच्या बाजूच्या भिंतीत वर, छताला लागून असलेल्या त्या दोन. पूर्वी त्या आपल्या घरांमधल्या बोळात उघडायच्या. वाटणीनंतर भाऊजींनी बोळावर पत्रा टाकून शेड केली, तेव्हापासून उजेड नाही, वारा नाही, नुसती ओल. यांनी आतून वर्तमानपत्रं चिकटवून त्या बंद करून टाकल्या. शिडी कोणाच्या वाट्याची, यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालं ते त्याच सुमारास.

यांचं म्हणणं, वरून प्लायवूड ठोका आणि रंग मारा. गवंडी तयार होईना. लाकडी चौकट आत तशीच ठेवली तर ओल धरून कुजेल, वाळवी लागेल, म्हणाला. चौकट काढून विटांनी भरायचं आणि दोन्ही बाजूंनी गिलावा करायचा. दुसरी बाजू म्हणजे तुमची शेड, म्हणजे भाऊजींना विचारणं आलं. तेवढं ऐकून हे चहाचा कप घेऊन वर निघून गेले. मी विचारते म्हटलं, तर तेही नको. आतून होईल तेवढं करा, असा वरूनच हुकूम सुटला.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी गवंड्याने पहिली चौकट पहारीने उचकटली. कागद फाटले, धूळ उडाली. ती खाली बसली तेव्हा पलीकडे, शेडमध्ये, भाऊजी जमिनीवर बसलेले दिसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर ऑफिसची बॅग. त्यांना निवृत्त होऊन किती काळ लोटला ते तुला सांगायला नको. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

हे माझ्या मागेच उभे होते. भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं आणि जणू कालच बोलणं झालं असावं तसं म्हणाले, "दादा, मला घराचं दार सापडत नाहीये."

"थांब. हलू नकोस तिथून," हे म्हणाले. "मी आलो."

आता खरं तर वर जाऊन, फाटकातून वळसा घालून जायचं. पण हे गवंड्याच्या लाकडी घोडीवर चढले आणि त्या भोकातच शिरले. पोट अडकलं. खालून गवंडी ढकलतोय, वरून भाऊजी दोन्ही हात धरून ओढतायत. मला हसू की रडू कळेना. सदऱ्याची बाही फाटली, पण गेले. मग दोघे तिथेच धुळीत बसून राहिले. हे भाऊजींची बटणं सोडून एकेक नीट लावत होते.

धाकटे, हे त्या दिवशी अचानक नाही झालं. तू गेल्यावर काही दिवसांतच माझ्या लक्षात यायला लागलं होतं. दूध उतू जाऊन गॅस विझलेला, वास घरभर, आणि भाऊजी शांतपणे पेपर वाचतायत. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना वाट चुकले, तर दुकानदाराने आणून सोडलं. "हिला सांगू नका वहिनी, पोरीचं बाळंतपण आहे," म्हणाले आणि मी ऐकलं. तू फोनवर जेवलात का विचारतेस, ते हो म्हणतात. एवढ्यावरून तुला तरी काय कळणार? आणि तू मला फोन करतेस तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात.

यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. विस्मरणाचाच आजार आहे. औषधाने बरा होणार नाही, सावकाश वाढेल एवढंच. एकटं ठेवू नका, रोजचा क्रम मोडू नका, असं सांगितलंय. हे रात्री तुमच्याकडे झोपायला जातात. मी त्या शिडीची आठवण काढली तर म्हणाले, "तो भांडण विसरला. मी एकट्याने किती दिवस लक्षात ठेवू?"

दुसरी खिडकी गवंड्याने रीतसर बुजवली, दोन्हीकडून. पहिली मात्र यांनी बुजवू दिली नाही. तिला नवी चौकट आणि काच बसवली, आणि भाऊजींना विचारून शेडचा तेवढा पत्रा उतरवला. माझ्या मशिनवर आता दुपारपर्यंत ऊन असतं. भाऊजी तिथेच बसून धागे कापून देतात. वर्गाच्या मुली त्यांना काका म्हणतात, ते प्रत्येकीला रोज नव्याने नाव विचारतात.

सांगायचं ते अजून सांगितलंच नाही बघ.

संध्याकाळ झाली की भाऊजी विचारायचे, "ही अजून कशी आली नाही?" लेकीकडे गेलीय म्हटलं की "हां हां" म्हणून जेवायला बसायचे. गेल्या आठवड्यात ते विचारेनासे झाले. मी वाट पाहिली. शेवटी न राहवून मीच म्हटलं, आज तिची आठवण नाही काढलीत?

"कोणाची?" म्हणाले.

लगेच सावरले, हसले. पण तो एक क्षण मी पाहिला, आणि तुझ्यापासून लपवण्याचा मला अधिकार नाही.

बाळाला टाकून ये, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू थांब, असंही म्हणवत नाही. म्हणून पुढच्या शनिवारी मीच तिकडे येते. बाळंतिणीचं आणि बाळाचं सगळं मी करेन. मुलींना सुट्टी दिलीय, यांना कुकर लावायला शिकवलंय. बाळाच्या खोडी मला समजावून सांग आणि रविवारच्या गाडीने तू निघ.

इथे आल्यावर त्यांच्यासमोर रडू नकोस. नेहमीसारखी तणतणत घरात शिर, पसारा का केलात म्हणून ओरड. चेहऱ्याआधी त्यांना तुझा आवाज ओळखू येईल, असं मला वाटतं. तो अजून कानात असेल तोवर ये.

तुझी जागा घ्यायला निघालेली,
तुझी थोरली