टेक्सास वेगळे करण्याच्या याचिकेवरून खोआन वू याचे नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नागरिक याचिका कक्ष, संघराज्य शासन,
वॉशिंग्टन

अर्जदार : खोआन वू, कोळंबीच्या बोटीचा मालक, राहणार पोर्ट ओल्मोस, मातागोर्डा उपसागर, टेक्सास

विषय : टेक्सास राज्य संघराज्यातून वेगळे करावे, या याचिकेवरील अर्जदाराची सही रद्द करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाने दूरध्वनीवर दिलेले उत्तर, 'एकदा केलेली सही मागे घेता येत नाही.'

महोदय,

१. अर्जदार तरुणपणी व्हिएतनाममधून नावेने निघून या देशात आला, येथेच कोळंबी धरून त्याने संसार केला व हात वर करून रीतसर शपथ घेऊन तो येथील नागरिक झाला. त्याच्या नावावर पोलिसांत कधी तक्रार नाही. इतके आधी सांगितले म्हणजे पुढचे वाचताना आपला गैरसमज होणार नाही, अशी त्याला आशा आहे.

२. गेल्या महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. अर्जदाराने ज्यांना मत दिले ते पडले. बंदराच्या धक्क्यावरच्या बहुतेकांनी त्यांनाच मत दिले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणाच्याच बोटीचे इंजिन सुरू झाले नाही. काही दिवसांनी बर्फाचे गोदाम चालवणारे श्री. रॉय टकर यांनी सर्वांना गोदामात बोलावले. "वॉशिंग्टनवाल्यांशी आपला संबंध संपला," ते म्हणाले. "टेक्सास पूर्वी वेगळा देश होता, पुन्हा होईल. करा सह्या!" लोकांनी एकामागून एक लॅपटॉपवर, शासनाच्या संकेतस्थळावरील याचिकेखाली, नावे घातली. अर्जदार नेहमीप्रमाणे दाराशी उभा होता. श्री. टकर यांनी त्याला हाक मारली, "अरे खोआन, तिथे काय उभा राहिलास? ये, नाव घाल. आपण सगळे टेक्सासवालेच ना!"

येथे नमूद करणे भाग आहे की, अर्जदार या किनाऱ्यावर आला त्या काळात त्याच्या देशबांधवांच्या बोटी इथल्याच काही लोकांनी जाळल्या होत्या. पुढे ते दिवस सरले, तरी धक्क्यावरची माणसे त्याच्याशी भाव, वारा आणि डिझेल याखेरीज काही बोलत नसत. 'आपण' म्हणताना त्याला कोणी त्यात धरले नव्हते. त्या एका शब्दापायी अर्जदाराने सही केली. देश मोडावा असे त्याच्या मनातही आले नाही. त्याला कॉफी मिळाली, पाठीवर थाप मिळाली, आणि तो शीळ घालत घरी गेला.

३. त्यानंतर त्याच संकेतस्थळावर दुसरी याचिका निघाली. देशातून फुटण्यासाठी ज्यांनी सह्या केल्या, त्यांचे नागरिकत्व काढून घ्यावे व त्यांना देशाबाहेर घालवावे, अशी तिची मागणी आहे. धक्क्यावर लोक यावर फार हसले. श्री. टकर म्हणाले, "घालवा की! मला कुठे घालवणार? माझा पणजासुद्धा इथलाच." अर्जदारही त्यांच्याबरोबर हसला. बोटीवर परत आल्यावर मात्र ती मागणी त्याला पुन्हा आठवली. श्री. टकर यांना पाठवायला जागाच नाही. अर्जदाराला पाठवायला जागा आहे.

घरी सांगताच अर्जदाराची पत्नी ल्येन हिने शेगडीवरचे भांडे खाली उतरवले. ती म्हणाली, "एक देश डोळ्यांदेखत बुडाला, तेवढ्यानं भागलं नाही तुमचं? आणि ताईंचं काय?" त्यानंतर ती अर्जदाराशी बोललेली नाही. जेवण वाढते, पण बोलत नाही.

४. ताई म्हणजे अर्जदाराची थोरली बहीण, न्हान वू, वय एकाहत्तर. आईच्या मागे तिनेच अर्जदाराला वाढवले. निघण्याच्या वेळी नाववाल्याने एकालाच घेतो म्हणून सांगितले. नावेतली जागा ताईच्या सोन्याच्या बांगड्यांवर ठरली होती, म्हणजे ती तिचीच होती. तिने अर्जदाराला कमरेइतक्या पाण्यात पुढे ढकलले आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी मागच्या नावेनं येते." ती मागची नाव कधी सुटलीच नाही.

नागरिक झाल्यावर अर्जदाराने बहिणीला बोलावून घेण्यासाठी अर्ज केला. तो अनेक वर्षे रांगेत पडून होता. आता येत्या जानेवारीत तिला सायगॉनच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला बोलावले आहे. भाऊ नागरिक आहे, एवढ्याच आधारावर तिला येता येणार आहे. तिने कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या आहेत. अमेरिकेत थंडी फार म्हणून जाड लोकरी कोट शिवून घेतला आहे. टेक्सासात त्याचा काही उपयोग नाही, हे तिला सांगण्याचा अर्जदाराला धीर होत नाही.

५. अर्जदाराची मुलगी ह्यूस्टनला शिक्षिका आहे. ती म्हणते, "बाबा, उगाच घाबरता तुम्ही. असं कोणी कोणाचं नागरिकत्व काढत नाही. कायदा आहे." ती खरेच बोलत असेल. परंतु दक्षिण व्हिएतनाम हरून सायगॉन पडले तेव्हा अर्जदाराच्या वडिलांनाही लोकांनी असेच समजावले होते. ते दोन सदरे घेऊन नव्या सरकारच्या शिबिरात हजर झाले, ते परत आले नाहीत. त्यामुळे 'काही होणार नाही' हे शब्द कानावर पडले की अर्जदाराची झोप उडते.

६. सबब अर्जदाराची विनंती अशी की, त्याची सही रद्द करावी. नियमात बसत नसेल तर त्याच्या नावापुढे 'चुकून' एवढा शब्द तरी लिहावा. तेही जमत नसेल आणि टेक्सास खरोखरच वेगळे होणार असेल, तर ताईने व्हिसा कोणत्या देशाचा मागावा, ते वेळेत कळवावे. मुलाखतीत चुकीचे उत्तर जायला नको. आणि नागरिकत्व काढून घेण्याचेच ठरले, तर ताईचे विमान ह्यूस्टनला उतरून ती बाहेर येईपर्यंत थांबावे. मग अर्जदाराला त्याच विमानाने परत पाठवले तरी त्याची हरकत राहणार नाही. तिची जागा तो इतकी वर्षे वापरत आला आहे.

श्री. टकर यांच्यावर मात्र कारवाई करू नये. ते मनाने वाईट नाहीत. काल अर्जदाराने त्यांना ताईची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?" आधी कधी कोणी विचारले नव्हते, हे अर्जदार त्यांना बोलला नाही.

७. आज सकाळी ताईचा फोन आला होता. ती म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय? तिकडे सगळं ठीक आहे ना रे?" अर्जदार म्हणाला, "हो." ताईशी तो जन्मात खोटे बोललेला नाही. महोदय, ते 'हो' खोटे ठरू न देणे आता केवळ आपल्या हाती आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

खोआन वू
पोर्ट ओल्मोस, ३ डिसेंबर २०१२

सोबत : नागरिकत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स (मूळ दाखला मागू नये, ही विनंती), ताईच्या मुलाखतीच्या पत्राची प्रत.